गोविंदरावांचे हातमोजे

आमचे घरमालक गोविंदराव देगलूरकर दर रविवारी सकाळी बँडवाल्यांचे पांढरे हातमोजे घालून चहा पीत, आणि आम्हालाही तसाच प्यायला लावत.

नोकरीसाठी मी पुण्याहून हैदराबादला आलो आणि चिक्कडपल्लीत त्यांच्या माडीवर राहू लागलो. खोली देताना त्यांनी माझं गोत्र विचारलं नाही की गाव विचारलं नाही. टेप काढून पंजा मोजला आणि म्हणाले, "जमेल. रविवारी सभेला यायचं."

सभा म्हणजे 'एकसमान मानव मंडळा'ची. सर्व्हेच्या कचेरीत जन्मभर नकाशे काढून निवृत्त झालेल्या या गृहस्थांनी भविष्याचाही नकाशा तयार ठेवला होता. "सन दोन हजार पन्नास!" असं म्हणून ते बोट वर करत. तोवर सगळी माणसं करड्या रंगाचे कपडे घालणार, एकाच वेळी जेवणार आणि सगळ्यांचं नाव 'मानव' असणार. मंडळात हे नाव आधीच लागू झालं होतं. त्यांनी "मानव!" अशी हाक मारली की मी, शेजारचे नरसिंगराव आणि केस कापणारे कादरभाई तिघंही उठून उभे राहायचो. चौथा सभासद नव्हताच.

चहात प्रत्येकाला साखर मोजून एक चमचा. मला अर्धाच लागतो, कादरभाईंना तीन; पण भविष्यापुढे आमचं काय चालणार!

तेव्हा देशात बाजार नुकताच मोकळा झाला होता. गोविंदराव साबण आणायला गेले, तर दुकानात अकरा तऱ्हेचे साबण. अर्धा तास उभे राहून ते रिकाम्या हाताने परतले. "वेगळेपणा हा रोग आहे हो, रोग!" असं म्हणत त्यांनी महिनाभर बेसन लावून अंघोळ केली.

कादरभाईंनी एकदा धीर करून विचारलं, "साब, सबके बालां एक सरीके काटे तो दुकान में तसवीरां कायकू लगाऊं?"

"नक्को लगाओ!" गोविंदराव म्हणाले.

या सगळ्याची गंमत वाटायची, पण मला मनातून त्यांचा रागही यायचा. कारण घरात सुधा होती, त्यांची एकुलती एक मुलगी. एम. ए. झालेली, हुशार. तिच्या हातांवर कोडाचे डाग उठले, दोन ठिकाणच्या पाहुण्यांनी चहा घेताना ते पाहून नकार कळवला, आणि तेव्हापासून ती फाटकाबाहेर पडली नव्हती. सभेचा ट्रेसुद्धा पडद्याआडून सरकवायची. मुलगी अशी कोंडून बसलेली आणि बाप जगाचं भविष्य सुधारत बसलाय, असं मला वाटायचं.

मग एका रविवारी पडदा बाजूला झाला आणि सुधा स्वतः ट्रे घेऊन आली. हातात पांढरे मोजे. आमच्या हातांत होते तसेच. कुणी वळून बघितलं नाही, बघण्यासारखं काही उरलंच नव्हतं. गोविंदरावांनी मात्र आपल्या शेजारची खुर्ची तिच्यासाठी पुढे ओढली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि स्वतःची लाज वाटली.

पुढे ती दर रविवारी येऊ लागली. पण मोज्यातून कप निसटतोच. एकदा माझा निसटला आणि उकळता चहा माझ्याच हातावर सांडला. मोजा भिजून चिकटला, मी ओरडलो. सुधाने मोज्यांच्या बोटांनी तो ओढायचा प्रयत्न केला, जमेना. तिने आपले मोजे काढून फेकले, माझा सोलून काढला आणि मला ओढत नळाखाली नेलं.

पाण्याखाली माझ्या हाताबरोबर तिचेही हात होते. ते तिच्या उशिरा ध्यानात आलं. तिने मागे पाहिलं. तिचे मोजे जमिनीवर चहात भिजत पडले होते.

"बेटी, थंडा पानी और डालो," कादरभाई माझ्या हाताकडे बघत म्हणाले. "जला क्या देखो."

सुधाने नळ आणखी सोडला. मग परत आली आणि तशाच उघड्या हातांनी तिने उरलेला चहा गाळायला घेतला.

गोविंदरावांनी ते पाहिलं. मग त्यांनी आपले मोजे काढले, घडी करून खिशात घातले आणि घसा खाकरला.

"कादरभाई," मंडळाच्या चार वर्षांत प्रथमच त्यांनी नावाने हाक मारली, "आपको शक्कर कितनी?"

कादरभाईंना खरं वाटेना. "तीन, साब," ते हळूच म्हणाले.

सुधाने तीन चमचे घातले.