रक्तातलं ताक शोधणारे इंगोले सर

इंगोले सर माणसाचं तोंड नंतर पाहत, आधी दंड पाहत. दंड भरलेला असला की त्यांचे डोळे चमकायचे, कारण असल्या दंडात शीर पटकन सापडते.

साठ सालाच्या आसपास ते अमरावतीत आमचे शेजारी होते. एका कॉलेजात शरीरशास्त्र शिकवायचे. संध्याकाळी सुई आणि नळ्यांची पेटी घेऊन व्यायामशाळेत हजर! वजनं उचलणाऱ्या गड्यांच्या रक्तात आम्ल किती चढतं, ते त्यांना मोजायचं असे.

"ताक आंबते ना, त्यातलंच आम्ल," ते सांगत. "भारी वजन दम खात उचललं तर कमी चढते. हलकं घेऊन न थांबता उचलत राह्यलं, की पाहा मग मजा!"

ज्वारीचं पोतं लीलया पाठीवर टाकणारे गडी सुई दिसली की मागच्या दारानं पळायचे. एकदा सर एका पैलवान नवरदेवाच्या वरातीत पेटी घेऊन घुसले. मी ओढून बाहेर काढलं, तर माझ्यावरच चिडले. "नाचून राह्यला होता ना तो! चांगलं चढलं असतं!"

आमची ही म्हणायची, "सर, आता लग्न करा."

"रक्त द्याले तयार असन तर पाहा, वहिनी."

न पळणारा गडी एकच, शंकर. एका संध्याकाळी हलकं वजन खांद्यावर घेऊन सलग बैठका मारताना तो पांढरा पडला, ओकला आणि आडवा झाला. कोणीतरी म्हणालं, पोराची छाती कमजोर आहे. त्याच्या आईनं वजनं बंद केली. शंकर सरांकडे आला.

"सर, मी मरतो का?"

"काहून मरशील बे? आम्ल हाय ते. घंटाभरात उतरते."

पण दुसऱ्याच दिवशी सर त्याला अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरकडे घेऊन निघाले. मलाही सोबत ओढलं. मूर्तिजापूर येईपर्यंत एस.टी.त आम्लावर व्याख्यान चालू होतं. पुढे दर थोड्या वेळानं ते शंकरची नाडी पाहू लागले. दवाखान्याच्या बाकावर बसून त्यांनी रुमालाची पिळून पिळून वात केली.

डॉक्टर हसतच बाहेर आले. "छाती खणखणीत आहे. त्या दिवशी सकाळपासून उपाशी होता, त्यात बैठका मारल्या. दुसरं काय होणार?"

"मी म्हणतच होतो!" सर ओरडले, आणि त्याच रुमालानं त्यांनी तोंड पुसलं.

शंकरनं आपणहून बाही वर केली. "सर, घेता का आता रक्त?"

"नाही बे. आधी जेव."

संध्याकाळी अमरावतीत परतलो. थोड्या वेळानं सर आमच्या दारात उभे. हात पिठानं माखलेले.

"वहिनी, एक ताट द्या जरा. शंकर जेवाले थांबला आहे," ते म्हणाले. "माह्या घरी एकच आहे."