बोंबलाने मोजलेली भेग

ड्रोन पुलाखाली शिरला आणि तेवढ्यात किनाऱ्यावरून आरोळी उठली, "बंदरवाले आले! सर्वे करतात!"

डहाणूजवळच्या या खाडीपलीकडच्या गावात आकाशात भिरभिरणारी कुठलीही वस्तू गावाला नको असलेल्या नव्या बंदराचीच ठरे. मागे एका लग्नाच्या फोटोवाल्याचा ड्रोनही पाडला होता. वर माफीही नवरदेवालाच मागावी लागली.

"अहो, बंदर नाही! पुलाची तपासणी आहे!" ज्युनिअर इंजिनिअर सुषमा ओरडत राहिली. पण बोंबील वाळवायच्या दोऱ्यांजवळून बायजीचा आवाज त्याहून मोठा निघाला. "बाळ्या, जाळं टाक!"

होडीतल्या बाळ्याने जाळं फेकलं. त्याचा नेम गावात प्रसिद्ध होता. जाळं पुलाच्या खांबातून बाहेर आलेल्या गंजक्या सळईत अडकलं आणि त्यात ड्रोन पापलेटासारखा उताणा लटकला.

"मॅडम, माझी नोकरी गेली," ड्रोन उडवणारा मिथुन म्हणाला.

सुषमाचं लक्ष घड्याळाकडे गेलं. तिच्यासाठी आजचा एकच दिवस होता. तिचे बाबा तलासरीहून या गावाला बर्फाचा ट्रक आणत. 'पूल चाकाखाली दबतो,' असं त्यांनी बांधकाम खात्याच्या ऑफिसात किती वेळा सांगितलं. 'आधी ट्रकचे स्प्रिंगपाटे बघा,' हे उत्तर मिळालं. गेल्या दिवाळीनंतर ते सांगायला राहिले नाहीत. तिच्या साहेबांनी तर गाडीची काचही खाली न करता पूल उत्तम ठरवला होता. सुषमाने हट्ट धरला, तेव्हा म्हणाले, "आज पुरावा दाखवा, नाहीतर विषय बंद."

"मॅडम," मिथुन स्क्रीनकडे बघत पुटपुटला, "कॅमेरा चालू आहे."

उताणा पडल्यामुळे कॅमेरा सरळ वर बघत होता. उडताना जिथे नजर पोहोचत नव्हती, ती पुलाची खालची बाजू आता स्क्रीनभर पसरली होती. आणि तिच्या मधोमध एक लांबलचक काळी भेग.

सुषमाने साहेबांना व्हिडिओ कॉल लावून फोन स्क्रीनसमोर धरला.

"केसाएवढी दिसते," साहेब म्हणाले. "प्लास्टर मारून टाकू. माप कुठाय?"

एवढ्यात बायजी कमरेला पदर खोचून पोहोचली. "कसलं माप? तू बंदराची नाय?"

"नाही मावशी. पूल खराब आहे, ते दाखवायला आलेय."

"अगो बाय! मंग आदी सांगायचा ना!"

"ओरडत तर होते!"

"ओरडायला काय, आमी बी ओरडत होतो." बायजी होडीकडे वळली. "बाळ्या, मेल्या, कुणाचा ड्रोन पाडलास! जा परत पुलाखाली!"

"भेगेजवळ काहीतरी धर," सुषमाने सांगितलं. "साहेबांना ज्याचं माप ओळखीचं असेल असं काहीही."

बाळ्याच्या होडीत ओळखीचं एकच होतं. वल्ह्याच्या टोकाला बांधलेला सुका बोंबील स्क्रीनवर हळूहळू वर चढला. डोकं भेगेत गेलं. मग पोट गेलं. मग शेपटीही गेली.

साहेबांचा चेहरा फोनच्या जवळ आला. ते मूळचे घाटावरचे असले, तरी नोकरी डहाणूत झाली होती. बोंबील केवढा असतो ते त्यांना ठाऊक होतं.

"पूल बंद करा," ते म्हणाले. "सगळ्या गाड्यांना. आत्ता!"

किनाऱ्यावर टाळ्या पडल्या. सुषमाने दोन्ही टोकांना लाल फीत बांधली. गाठ पक्की बसली.

मग मिथुनने हळूच विचारलं, "मॅडम, आपली जीप?"

दोघं जिच्यातून आली होती ती साहेबांची आवडती नवी जीप गावाच्या बाजूला उभी होती. पूल सोडून परतायला दुसरा रस्ता नव्हता. साहेबांना कळवलं, तेव्हा फोनमधून "माझी जीप?" एवढंच ऐकू आलं.

"नवा पूल कधी होईल, साहेब?" सुषमाने शक्य तितक्या साधेपणाने विचारलं.

"उद्याच प्रस्ताव पाठवतो!"

संध्याकाळी बाळ्याने दोघांना ड्रोनसकट होडीतून पलीकडे सोडलं. सुषमाने मागे वळून पाहिलं. बायजी जीपच्या बॉनेटवर बोंबील पसरत होती.

"काळजी करू नको गो," ती ओरडली. "सायबाची जीप इथं अडकलीय, मंग पूल येतोच!"