ओळ दाखवणाऱ्या जाधवताई

जाधवताईंना भजी आवडत नसत. त्यांना भज्यांचा कागद आवडे.

मीरा रोड स्टेशनच्या बाहेर, पूर्वेला, एक भजीवाला भैया बसायचा. ताई ड्यूटीवरून आल्या की त्याच्याकडून चार कांदाभजी घ्यायच्या, ती डब्याच्या झाकणात ओतायच्या आणि तेलकट कागद दोन्ही हातांनी सरळ करून तिथेच उभ्या उभ्या वाचायला लागायच्या. मजकूर मध्येच तुटलेला असेल तर म्हणायच्या, "भैया, इसका नीचेवाला टुकडा किधर है? सास ने फिर क्या किया, वो उसमें होगा." भैया बिचारा रद्दी उपसायचा. एकदा तो खालचा तुकडा दुसऱ्याच गिऱ्हाइकाच्या हातात, वड्याभोवती गुंडाळलेला निघाला. त्या गृहस्थाचा वडा संपेपर्यंत ताईंनी त्याला हलू दिलं नाही.

त्यांना वेड लागलेलं नव्हतं. त्या बी.ए.चा अभ्यास करत होत्या. आणि माझं दुर्दैव असं, की मीही करत होतो.

ही नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही एकाच मजल्यावर समोरासमोर राहायचो. मी फोर्टातल्या एका कंपनीत कारकून, त्या एका दवाखान्यात नर्स. त्यांचं वय पन्नाशीला टेकलेलं. नवरा वारलेला, एकच मुलगी, ती लग्न होऊन गेलेली, एवढंच बिल्डिंगला माहीत होतं. पोस्टाने धडे मागवून परीक्षा द्यायची, अशा बी.ए.ला आम्ही दोघांनीही नाव घातलं होतं. विषय मानसशास्त्र. मला पदवी हवी होती, कारण पदवी नसलेल्याला सीनियर क्लार्क करायचं नाही असा आमच्या साहेबांचा बाणा होता आणि माझ्या मागून लागलेले दोघे मला ओलांडून पुढे गेले होते. ताईंना बढतीबिढती काही नव्हती.

"मग कशाला हा त्रास?" मी एकदा विचारलं.

"माणूस असं का वागतं ते कळून घ्यायचंय, भावजी."

"कुठला माणूस?"

"असतो एखादा," असं म्हणून त्यांनी चहाचं आधण ठेवलं.

सगळे पेपर निघत होते, एकच घशात अडकला होता. त्यात दीड पानाचा एक लेख छापलेला यायचा, आधी कुणीही न पाहिलेला. तो तिथेच वाचायचा आणि त्यातली माणसं अशी का वागतात, ते दोन सिद्धांत लावून सांगायचं. आदल्या वर्षी त्या लेखात एक बस कंडक्टर होता, दारात उभ्या राहणाऱ्यांवर खेकसणारा. मी काय केलं? घंटा वाजते, कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, तो सगळा प्रयोग आकृतीसकट सात पानं लिहून काढला. कुत्र्याचं चित्रही छान आलं होतं. मार्क पडले एकोणतीस. कंडक्टरचं नावसुद्धा माझ्या उत्तरात नव्हतं.

ताईंचं तसं नव्हतं. पाठांतराच्या नावाने शंख. पण कुठलाही कागद त्यांच्यापुढे टाका, त्या पेन्सिल घेऊन एक ओळ अधोरेखित करणार, समासात सिद्धांताचं नाव लिहिणार आणि दोघांच्या मध्ये एक बाण काढणार. आणि आपण काहीही बोललो की त्यांचा एकच प्रश्न असायचा, "ओळ कुठाय?"

एका सकाळी पाण्याचा टँकर आला नाही. सोसायटीचे सेक्रेटरी शहाभाई खाली वॉचमनवर तुटून पडले होते. मी गॅलरीतून रुबाबात म्हटलं, "विस्थापन! एकाचा राग दुसऱ्यावर."

"ओळ कुठाय?"

"ओळ कसली? समोर ओरडतायत की!"

"ओरडतायत ते दिसतंय. राग कुणावरचा, ते कुठं दिसतंय?" असं म्हणून बाई दोन जिने उतरून खाली गेल्या. "शहाभाई, सुबह सुबह किसपे गुस्सा है?"

"टँकरवाले पे, ताई! तीन बार फोन किया, उठाताच नहीं!"

ताई परत वर आल्या. धाप लागली होती, पण चेहरा उजळला होता. "आता लिहा विस्थापन. पाचापैकी पाच. मघाशी लिहिलं असतं तर दोन."

मला हे दोन मार्क झोंबले. खोटं कशाला बोलू, मला त्या बाईचं सगळंच झोंबायचं. मी पहाटे उठून गाईड घोकायचो आणि दुपारपर्यंत विसरायचो. त्या दिवसभर इंजेक्शनं देऊन, भज्यांचा कागद वाचून, माझ्यापुढे जायच्या. वर्तमानपत्रात चांगला लेख दिसला की तो मी घडी घालून खिशात लपवायचो, ताईंना मिळू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे तोच लेख, बाणांसकट तयार.

माझी बायको वंदना तर त्यांची भक्तच झाली होती. भाजीत मीठ जास्त झालं तरी ती त्याचं कारण जाधवताईंना विचारून यायची. एक दिवस मला म्हणाली, "तुम्हाला ताईंचा हेवा वाटतो."

"ओळ कुठाय?" मी म्हटलं.

"सकाळपासून तीनदा त्यांच्या दाराशी कान लावून आलात, अभ्यासाला बसल्यात का बघायला. या घ्या तीन ओळी."

शेवटी मी ठरवलं, या बाईंना एकदा तरी अडवायचं. वर्तमानपत्रात शेवटच्या पानावर एक निविदा सूचना होती, गटार बांधण्याची. ती कापून त्यांच्यापुढे ठेवली. "लावा सिद्धांत!" ताईंनी चष्मा लावला. पेन्सिल खाली खाली सरकत गेली आणि थांबली. "'कोणतेही कारण न देता निविदा नाकारण्याचा अधिकार राखून ठेवला आहे.' ही घ्या ओळ. हुकूमशाही व्यक्तिमत्त्व. आमचे सासरे डिट्टो."

मी पेटलो. दुसऱ्या दिवशी जाहिरातीचा एक बारका चौकोन कापून नेला. कुणीतरी घरातून निघून गेलेल्या मुलीसाठी दिलेला. 'तू जिथे असशील तिथून निघून ये. कुणी रागावणार नाही. आई.' एवढाच मजकूर.

ताईंनी तो वाचला. पेन्सिल हातात तशीच राहिली. मग कागद माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "हा नको. यात सिद्धांत नाही."

मी इतका खूश झालो, की घरी येऊन वंदनाला शिरा करायला लावला.

आमचं परीक्षेचं केंद्र भाईंदर पूर्वेच्या एका शाळेत होतं. आठवीच्या वर्गातले बाक, गुडघे वर येणारे. ताई माझ्या पुढच्या रांगेत डावीकडे. आता ऐका, लेख काय आला होता. एका गावातली आई. मुलीने आपल्या मनाने लग्न केलं म्हणून तिच्याशी बोलणं टाकलेलं. पण दर दिवाळीला ती मुलीच्या आवडीचा सगळा फराळ करते आणि शेजाऱ्यांत वाटून टाकते. स्वतः चिवड्याचा दाणाही तोंडात घालत नाही. या आईचं वागणं दोन सिद्धांतांच्या आधारे स्पष्ट करा.

माझ्या अंगात वारं संचारलं. कुत्रा, घंटा सगळं बाजूला सारून मी ताईंच्या पद्धतीने कामाला लागलो. ओळ, बाण, सिद्धांत. शेजाऱ्यांना फराळ देणं म्हणजे विस्थापन, ओळ नववी. राग आणि माया एकदम सांभाळणं म्हणजे बोधात्मक विसंवाद, ओळ चौदावी. माझं मलाच आश्चर्य वाटत होतं.

मध्येच मान वर केली. ताई लिहीत नव्हत्या. प्रश्नपत्रिका बाकावर पालथी घालून खिडकीकडे बघत होत्या. मला गुदगुल्या झाल्या. पण अर्ध्या तासाने पाहतो तर बाई मान मोडून लिहितायत. थोड्या वेळाने हात वर करून त्यांनी पुरवणी मागितली. पुरवणी! माझी मुख्य उत्तरपत्रिकाच संपली नव्हती आणि या पुरवणी घेत होत्या. शेवटची दहा मिनिटं मी उत्तर लिहिलं नाही, नुसता जळत बसलो.

पेपर सुटल्यावर शाळेच्या पायऱ्यांवर बसून उत्तरं जुळवायची, हा ताईंचाच नियम. त्या दिवशी त्या थांबल्या नाहीत. शेअर रिक्षात माझ्या शेजारी बसल्या आणि मीरा रोड येईपर्यंत तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिल्या. मी मनात म्हटलं, बघा, आत्तापासून शिष्टपणा.

तीन महिन्यांनी पोस्टाने निकाल आले. त्या पेपरात मला एकसष्ट. दोनदा बघितलं, तिसऱ्यांदा वंदनाला वाचायला लावलं. आणि वंदनाच दबल्या आवाजात म्हणाली, "ताई नापास झाल्या हो. त्याच पेपरात. सत्तावीस."

मला वाईट वाटायला हवं होतं. मी खाली जाऊन पेढे आणले, अर्धा किलो. वंदना म्हणाली, आज नका जाऊ. मी म्हटलं, शेजारधर्म आहे. खरी गोष्ट अशी, की तो चेहरा मला बघायचा होता.

ताई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून मनापासून हसल्या, पेढा घेतला, सगळा खाल्ला. "एकसष्ट! मी म्हटलंच होतं तुम्ही निघणार." त्या चेहऱ्यावर मला हवं होतं त्यातलं काही नव्हतं. मग माझ्याने राहवेना.

"ताई, तुम्ही तर पुरवणी घेतली होती."

"घेतली होती ना."

"मग लिहिलं काय?"

त्यांनी ताटातला एक खडा उचलून बाजूला ठेवला. "पत्र लिहिलं, भावजी."

"पत्र? कुणाला?"

"त्या लेखातल्या बाईला. काय करू, सिद्धांत सुचेचना. म्हटलं, बाई, शेजाऱ्यांना कशाला वाटत बसलीस? डबा भर आणि ने तिच्याकडे. दार नाही उघडलं तर उंबऱ्यावर ठेव आणि ये. पुढच्या वर्षी परत ने. आपण बोलून गेलो ते आपणच निस्तरायचं, पोरीने का निस्तरायचं? असंच बरंच लिहिलं. मग घंटा झाली. तपासणाऱ्याने सत्तावीस दिले तेच खूप. मी शून्य दिलं असतं."

मी हसणार होतो. पण त्या हसत नव्हत्या.

"माझी सुजाता मोरव्याला असते," त्या म्हणाल्या. "भाईंदर वेस्टला. सहा वर्षं झाली. तिथल्याच मुलाशी लग्न केलं, मला न विचारता. मी म्हटलं, परत तोंड दाखवू नको. लहानपणापासून माझं सगळं ऐकायची ती. हेही ऐकलं."

एक स्टेशन, भावांनो. मीरा रोडपुढचं भाईंदर. दुसरा एखादा असता तर संध्याकाळच्या भाजीला जाऊन आला असता. आणि या बाईंनी आईचं मन कसं चालतं ते शोधायला दोन वर्षं पोस्टाने पुस्तकं मागवली होती.

मी पेढ्यांच्या बॉक्सची दोरी बोटाला गुंडाळत बसलो. ताईंनी तांदळातून मान वर न करता विचारलं, "भावजी, भाईंदर स्टेशनवरून मोरव्याला रिक्षा जाते का हो?"

"जाते ना. शेअर रिक्षा जाते."

"किती वेळ लागतो?"

"फार नाही. पोचाल पटकन."

"एवढ्या जवळ?" त्या म्हणाल्या. मग ताट खाली ठेवून उठल्या, हात धुतले आणि पदराला पुसत माझ्या हातातल्या बॉक्सकडे बघू लागल्या. "हे पेढे नेऊ का? रिकाम्या हाताने कसं जायचं. कशाचे म्हणून विचारलं तर सांगीन, शेजारी पास झाले."

मी बॉक्स दिला. अर्ध्या किलोतून एकच पेढा गेला होता. ताईंनी साडी बदलली, केस सारखे केले, कुलूप लावलं, परत उघडलं, चष्मा घेतला, परत लावलं. "मी सोबत येऊ?" असं मी विचारलं तर नको म्हणाल्या. जिना उतरताना त्यांनी बॉक्स दोन्ही हातांनी धरला होता.

मी आमच्या दारात उभा होतो. वंदनाने आतून विचारलं, "काय म्हणाल्या हो ताई?" मी एकसष्ट मार्कांचा मनुष्य, पुढच्या महिन्यात सीनियर क्लार्क होणार होतो. आणि मला मोरव्याच्या त्या मुलीचा, जिला मी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं, इतका हेवा वाटत होता, की जाधवताईंचा दोन वर्षांत कधी वाटला नव्हता.