सरदार मरायला तयार नव्हते

बापूसाहेबांना तिसऱ्याच रविवारी मरायचं होतं. इरफानने तसं वहीत लिहूनही ठेवलं होतं: दुधातून विष, राजवैद्याची धावपळ, शेवटचा श्वास. बापूसाहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हा विषय अजेंड्यावर न्हाई. नोंद घ्या."

त्यानंतर ते चौदा महिने जगले.

हे खेळातलं सांगतोय. खरोखरचे बापूसाहेब यंदाच्या पौषात गेले.

वडवणीच्या वाचनालयात मी ग्रंथपाल होतो. मागच्या खोलीत दर रविवारी चौघे तरुण फाशांचा एक खेळ खेळत. टायपिंगच्या क्लासात शिकवणारा इरफान गोष्ट सांगे. त्यात एक काल्पनिक राज्य, राक्षस, चेटकीण. बाकीचे एकेक पात्र होऊन बोलत, आणि वार लागला की हुकला हे फासा ठरवी.

बापूसाहेब जवळच्या खेड्यातले, गावच्या दूध संस्थेचे कित्येक वर्षांचे चेअरमन. दुष्काळात जनावरं छावणीला गेली, संस्थेला कुलूप लागलं, आणि ते सकाळच्या एसटीने येऊन आमच्याकडे पेपर वाचत बसू लागले. एका रविवारी पेपरातून मान वर करून त्यांनी मागच्या खोलीत हाक दिली, "कावून रे, तुमची पाचशे घोडी निघाली खरी, पर पाणी कुठं पितेत?"

इरफानने गंमत म्हणून त्यांना खेळात घेतलं आणि एक म्हातारा सरदार दिला. नायकांना आसरा द्यायचा, शस्त्रं द्यायची आणि लवकर मरायचं, एवढंच त्या सरदाराचं काम.

सरदाराने शस्त्रं दिली नाहीत. आधी किल्ल्यातल्या तळ्यावर पाण्याच्या पाळ्या लावल्या. मग हल्ल्याचा ठराव मागितला. सूचक कोण, अनुमोदक कोण?

"आजोबा, राक्षस दारात आलाय!" सुनंदा ओरडली. ती खेळात वैद्य होती, एरवी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करी.

"येऊ दे. त्येलाबी सतरंजीवर बसवा. ठरावाबिगर तलवार निघायची न्हाई."

शेजारच्या दुष्ट राजाला त्यांनी हरवलं नाही, सभासद करून घेतलं. चेटकिणीला महिला राखीव जागेवर संचालक केलं. "लई हुशार बाई हाय," म्हणाले, "नुसती दुर्लक्षित."

इरफान वैतागे. अधूनमधून सरदारावर तुळई पाड, साप सोड, असं त्याचं चाले. कधी फासा बापूसाहेबांच्या बाजूने पडे, कधी ते पोटनियम काढत. एकदा चहा घेताना मी विचारलं, "बापूसाहेब, खेळच आहे. मरून टाका की एकदाचं."

त्यांनी बशी खाली ठेवली. "सर, सरदार मेला तर मी कोण म्हणून बसू तिथं?"

घरी कोण असतं, हे मी विचारलं नाही. मुलगा पुण्याला होता. बापूसाहेबांच्या पत्नीच्या तेराव्याला मी स्वतः गेलो होतो.

पुढे एका रविवारी सुनंदा उशिरा आली. परीक्षेचा निकाल लागला होता, तिसऱ्यांदा तिचं नाव नव्हतं. खेळात त्या दिवशी दरीवरचा पूल तुटला आणि तिने टाकलेला फासा सगळ्यात वाईट पडला. वैद्य दरीत जाणार होती.

"कुणी तिच्या जागी पडायला तयार असेल तर ती वाचते," इरफान नियम वाचत म्हणाला. "पण पडणारा संपला."

"राहू दे," सुनंदा म्हणाली. "इथंही नापास."

मग बापूसाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"सरदार जातो."

"बापूसाहेब, नीट ऐका. मग परत येता येणार नाही."

"ऐकू येतं मला. पोरीला वर काढा."

पात्राचा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला आणि चहा न घेताच दुपारच्या गाडीने निघून गेले.

पुढच्या रविवारी त्यांच्या नेहमीच्या एसटीला ते आले नाहीत. अकराच्या सुमाराला मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी दिसले, चपला हातात.

"इरफान," ते म्हणाले, "मेलेल्या माणसाला नुसतं ऐकत बसता येतं का रे?"

इरफानने नियमांची वही उघडली आणि बराच वेळ पानं उलटत राहिला. तसा नियम त्यात नसावा.

सुनंदा बाकावर थोडी सरकली.