सभ्य जंगलातले अपघात

मुलांनो, मांडी घालून नीट बसा आणि मोठ्यांना जरा बाहेर पाठवा. ही गोष्ट त्यांना झेपणार नाही.

एका जंगलात सगळेच प्राणी सभ्य होते. त्यामुळे तिथला गुप्तरोगाचा दवाखाना ओस पडला होता. त्याची वाट भर पाणवठ्यावरून जायची. तिकडे नुसतं वळलं तरी टिटवी ओरडून जंगलभर करायची. मग कोण जाणार? प्राणी घरीच बसत, आणि आजार एकाचा दोघांना, दोघांचा पिल्लांना होई.

तातडीच्या दवाखान्यात डॉक्टर साळूबाई होत्या. त्या जातीच्या साळिंदर, त्यामुळे सुया घरच्याच. त्यांनी एक दिवस जाहीर केलं, "यापुढे इथे कुणीही येवो, पाय मोडून नाहीतर मधमाश्या चावून, त्या आजारासाठी त्याचं थेंबभर रक्त तपासणार. सगळ्यांचं. नको असेल त्याने सरळ नको म्हणावं."

झालं! एकच गहजब उडाला. संस्कृतिरक्षक समितीचे अध्यक्ष धनेशराव, म्हणजे मोठ्या चोचीचा धनेश पक्षी, मोर्चा घेऊन आले.

"आम्ही एकपत्नीव्रती! सभ्य घरातल्यांचं रक्त तपासता? तपासायचं तर त्या माकडांचं तपासा!"

"सभ्यांना वगळून तपासू कुणाला?" साळूबाई म्हणाल्या. "इथे दुसरं कुणी राहतच नाही."

मोर्चा घोषणा देत परत गेला. आणि दुसऱ्या दिवशी, मुलांनो, जंगलात अपघातांची नुसती लाट आली!

माकड झाडावरून पडलं. कासवाचा पाय धावताना मुरगळला. मासा बुडता बुडता वाचला. रानगव्याच्या खुरात काटा रुतला. काढून पाहिला तर गवताची काडी. नागोबा तर "सर्पदंश! सर्पदंश!" असं ओरडतच आले. साळूबाईंनी गंभीर चेहऱ्याने सगळ्यांना पट्ट्या बांधल्या आणि जाता जाता एकेक थेंब घेतला. एकानेही नको म्हटलं नाही.

संध्याकाळी धनेशराव आले.

"चोच अडकलीय," ते अगदी स्पष्ट म्हणाले.

रक्तात आजार निघाला. आता त्यांची चोच खरंच अडकली. मग ते रडायलाच लागले. "बाई, आमची ही दोन-चार दिवसांत ढोलीत स्वतःला कोंडून घेऊन बसणार हो. अंडी घालायची वेळ आली. पिल्लांना काही झालं तर?"

"दोघांनी इंजेक्शन घेतलं तर पिल्लं सुखरूप राहतील. पण त्यांना आजच आणा. ढोलीचं तोंड एकदा लिंपलं की मला आत शिरता येणार नाही."

"तिला काय सांगू? कुठल्या तोंडाने सांगू?"

तेवढ्यात शेजारच्या पडद्याआडून आवाज आला, "अहो, काही सांगू नका. मी इथेच आहे. माझीही चोच अडकलीय."

साळूबाईंनी पाठीवरच्या दोन सुया उपसल्या.

उन्हाळा सरता सरता ढोलीतून दोन धडधाकट पिल्लं बाहेर आली आणि दिसेल त्याला चोच मारत सुटली. बारशाला सगळं जंगल लोटलं. धनेशराव भाषणाला उभे राहिले.

"बंधूंनो, भगिनींनो! मला आपला अभिमान वाटतो. तसला आजार आपल्या जंगलात एकालाही नाही. अपघात तेवढे फार होतात."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साळूबाईंनीसुद्धा.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी सभ्य राहा. आणि सभ्यपणा अंगाशी आलाच, तर वेळेवर कुठूनतरी पडा.