खंड्याच्या आहाराचा ठराव

पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरमाथ्यावर एक वाडी आहे. तिथल्या अंबूबाईचा कुत्रा खंड्या नाचणीची भाकरी खातो, ही गंभीर बाब यंदा शिमग्यात मुंबई मंडळाच्या निदर्शनास आली. तोवर ती कुणाच्याच निदर्शनास आली नव्हती, खुद्द खंड्याच्याही नाही. भाकरी, पेज आणि कधीमधी सुक्या बोंबलांची डोकी, एवढ्यावर तो गडी शेळ्यांचा गोठा राखायचा. बिबट्याचा नुसता वास आला तरी असा भुंकायचा की पलीकडच्या डोंगरावरची माणसं उठून बसायची. अंबूबाईचा सगळा जीव त्या शेळ्यांत, आणि शेळ्यांचा जीव खंड्याच्या भरवशावर. इतका सरळ कारभार होता.

आता मंडळ म्हणजे काय, तर वाडीत राहतात म्हातारीकोतारी, आणि वाडीचा कारभार चालतो मुंबईत, रविवारी रिकाम्या असलेल्या एका शाळेच्या वर्गात. देवळाला रंग कुठला, पालखी आधी कुणाच्या दारी, विहिरीवर कपडे धुवायचे की नाही, सगळं तिथं ठरतं आणि फोनवरून डोंगर चढतं. वाडीतल्यांनी फक्त हो म्हणायचं. रेंज नसली तर मंडळ तेवढंही काम स्वतःच करून टाकतं.

तर झालं असं, की अंबूबाईचा मुलगा जितेश शिमग्याला आला आणि त्याने खंड्याचा फोटो मंडळाच्या ग्रुपवर टाकला. खंड्याच्या बरगड्या दिसत होत्या. फोटोत जितेशचा बाप हरिबाही होता. त्याच्याही बरगड्या दिसत होत्या, पण तो मागे उभा होता.

ग्रुपवर हलकल्लोळ माजला. रडक्या चेहऱ्यांचा नुसता पाऊस! लगोलग श्वान आहार उपसमिती बसली. अध्यक्ष म्हणून चांगूअण्णांची निवड झाली. अण्णांनी जन्मात कुत्रा पाळला नव्हता, त्यामुळे ते निःपक्षपाती होते. उपसमितीने पहिल्याच बैठकीत ठराव केला, की अंतिम शिफारस येईपर्यंत विद्यमान आहारास स्थगिती देण्यात येत आहे.

"आये, खंड्याला भाकरी द्यायची नाय हां आता," जितेशने फोनवर सांगितलं.

"मग काय देऊ?"

"ते ठरतंय."

"ठरेस्तवर त्यानं काय खायचा रे?"

"काय नाय. स्टे हाय त्याच्यावर."

अंबूबाईने पदराआड लपवून भाकरी दिली. ही कुजबूज मुंबईला पोचली मात्र, गोठ्याच्या मेढीवर कॅमेरा बसला. वाडीला धड रस्ता नाही, दवाखाना नाही, पण कॅमेरा आला बघा, तोही सौरऊर्जेवरचा! लोकवर्गणीतून काय नाही होत?

शिफारस आली. उकडलेलं अंडं, बिनमिठाची कोंबडी, लाल भोपळा, दही, आणि पोलादपूरला एसटीने येणारं पाकिटातलं दाणेदार खाद्य. एका सदस्याने श्रावणाचा मुद्दा काढला. त्यावर घमासान चर्चा झाली आणि श्रावणात कोंबडीऐवजी पनीर असा सुवर्णमध्य निघाला. पचन सुधारावं म्हणून महाडजवळच्या सवच्या गरम पाण्याच्या झऱ्यात आंघोळही सुचवली होती. खंड्या डोंगर उतरून रिक्षातून गेला, आला.

कोंबडीचा वास घरभर सुटला तेव्हा हरिबा चुलीपाशी पेज पीत बसला होता.

"अगो, त्यातला एक अंडा मला नाय का?"

"तुमच्यावर कुठं समिती बसलीय?" अंबूबाई म्हणाली.

चारी ठाव खाऊन खंड्याला तकाकी आली, पोट आलं. मग उपसमितीच्या ध्यानात आलं, की संध्याकाळच्या जेवणावर लगेच पळणं-भुंकणं पचनाला घातक असतं. सबब दिवेलागणीपासून खंड्याला सक्तीची विश्रांती. त्याच्यासाठी पडवीत गादी आली. बिबट्या दिवेलागणीलाच फिरतो, पण तो मंडळाचा सभासद नव्हता.

अंबूबाईने थेट अध्यक्षांनाच फोन लावला. "चांगूभावजी, मंग शेळ्या कोण राखंल?"

"वहिनी, भावना समजू शकतो. परंतु शेळ्या हा विषय उपसमितीच्या कार्यकक्षेत येत नाही."

मग काय करते बापडी! काठी घेऊन स्वतःच गोठ्याच्या दारात बसली. जरा कुठं पाचोळा वाजला की भुंकायची. पहिल्यांदा लाजली, मग गळा बसला, मग जमलं.

"खंड्याच्या वरताण भुंकतेस गो," हरिबा म्हणाला.

"गप बसा, मेल्या कॅमेऱ्याला ऐकू जातंय!"

ऐकू गेलंच. आवाज आवरता घ्यावा, खंड्याच्या विश्रांतीत व्यत्यय येतो, अशी समज तिला देण्यात आली. अंबूबाईला रडू आलं. भुंकायचं तिला काही वाटत नव्हतं. ज्याला पिल्लू असताना ओच्यात घालून आणलं, त्याला आपल्या हातचा तुकडा घालायची चोरी झाली, याचं तिला फार वाईट वाटायचं.

आणि भर श्रावणात, चुली पेटायच्या वेळेला, तो आला. शेळ्या दावी तोडू लागल्या. पडवीतल्या गादीवर खंड्याने एक डोळा उघडला, कूस बदलली. पोटात पनीर होतं. अंबूबाई मात्र जीव खाऊन भुंकली, काठी आपटत पुढे धावली आणि शेवाळलेल्या दगडावरून अशी आपटली की हाड मोडल्याचा आवाज हरिबाला चुलीपाशी ऐकू आला. बिबट्या बावचळला. असला कुत्रा त्याने आंबेनळी घाटाच्या अख्ख्या रानात पाहिला नसावा. तो आला तसा गेला. शेळ्या वाचल्या.

अंबूबाईला डोलीत घालून डोंगर उतरवली, तिथून जीपने महाडला नेली. हाताला प्लास्टर चढत होतं तेवढ्यात जितेशचा फोन आला. तिकडे मंडळाची तातडीची बैठक चालू होती. सगळ्यांनी कॅमेऱ्यात सगळं पाहिलं होतं.

"आये, तू तिकडं महाडला गेलीस, मग खंड्याला जेवण कोण घालतंय?" त्याचा आवाज खरोखर कापरा झाला होता. "घाबरला असंल गो तो."

अंबूबाईने फोन हरिबाच्या हातात दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

बैठकीत खंड्याच्या मनावर झालेल्या आघाताबद्दल चिंता व्यक्त करण्यात आली आणि त्याला आणखी एक अंडं मंजूर झालं. पुढे त्याचं कसं काय, ही गोष्ट ऐकणारा जो तो आम्हाला एवढंच विचारतो. तुमच्याही ओठांवर तेच असेल, म्हणून सांगून टाकतो, खंड्या मजेत आहे. अंबूबाईचा डावा हात मोडला की उजवा, हे सांगायचं आमच्याकडून राहून गेलं, पण तुमचंही त्यावाचून काही अडलं नाही.