आभार मानावेत की न मानावेत

लॅपटॉपच्या पडद्यावर बोटाचा एक ठसा होता. समोरून तो दिसत नसे. मान जरा कलती केली, की दिसे. तुळसी दुपारपासून मान कलती करून त्याच्याकडेच पाहत होती, कारण त्याच्या शेजारी लिहून ठेवलेलं आभारपत्र पाठवावं की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं.

डॉक्टर झाल्यावर अमेरिकेत रेसिडेन्सी, म्हणजे इस्पितळातलं पुढचं प्रशिक्षण, करायची म्हणून तिने ढीगभर अर्ज केले होते. मुलाखतीला बोलावलं एकाच इस्पितळाने. ती काल याच पडद्यावर झाली. शेवटी मुलाखत घेणाऱ्या डॉक्टर व्हिटकरबाई हसून म्हणाल्या, "आभाराचं पत्र वगैरे पाठवायची गरज नाही हं." हा नियम होता की नुसती रीत? नियम असेल तर पत्र पाठवून जागा जाणार. रीत असेल तर न पाठवून.

"रीतच ती," तिची आई सुमित्राबाई म्हणाल्या. "आपल्याकडं आलेलं माणूस 'कॉफी बेडा, नको, नको' म्हणतं, म्हणून आपण तसंच पाठवतो काय?"

"अम्मा, ती अमेरिकन आहे."

"असू दे की. घरात आली, बोलली, आणि हळदकुंकू न लावून घेता गेली. मला रात्री झोप नाही."

तिच्या वडिलांचं, शेषगिरींचं, विजयनगर भागात शिंप्याचं दुकान होतं. काजं करता करता ते म्हणाले, "ट्रायल झाल्यावर गिऱ्हाइकाच्या मागं लागू नये. लागलं, की त्याला वाटतं बाही तोकडी झालीय. सुम्ने, गप्प बस."

तुळसी उठली, पाणी प्यायली, परत बसली. पत्रातलं एक वाक्य बदललं आणि त्याच्यापुढे कंसात स्वतःसाठी इंग्रजीत लिहिलं : 'हे फार लाचार वाटतंय, काढावं का?' मग पुन्हा उठून गच्चीवर गेली.

ती खाली आली तेव्हा सुमित्राबाई कुंकवाचा करंडा घेऊन लॅपटॉपसमोर उभ्या होत्या.

"अम्मा, काय केलंस?"

"कुंकू लावलं. पत्राच्या वर तिचा फोटो आहे ना, अल्वा? फोटो इवलासा, माझं बोट जरा खाली सरकलं."

पडदा बोटाने चालणारा होता. बोट 'पाठवा'वर पडून पत्र गेलं होतं, कंसासकट.

तुळसीने घाईघाईने माफीचं पत्र धाडलं. कुंकू म्हणजे काय ते समजावताना ते मूळ पत्रापेक्षा लांबलं. मग ती दारापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालू लागली. तिकडे नुकतीच सकाळ झाली असावी, कारण उत्तर लगेच आलं.

'गरज नाही म्हटलं तेव्हा खरंच गरज नव्हती. पण त्या वाक्याबद्दलचं तुमचं मत बरोबर आहे. तेवढं काढा. आईंना नमस्कार.'

"अय्यो!" सुमित्राबाई खुर्चीत बसल्या. "म्हणजे तिचं नको ते खरंच नको! आता काही म्हणजे काही पाठवू नकोस गं."

"असं कसं?" शेषगिरींनी सुई दोऱ्यासकट बाजूला ठेवली. "गिऱ्हाईक आपण होऊन दुकानात परत आलंय. आता दोन शब्द बोलायलाच पाहिजेत."

"मघाशी तुम्हीच गप्प बस म्हणत होता!"

"मघाशी ती बोलली नव्हती!"

"अप्पा, अम्मा!"

तुळसीने लॅपटॉप मिटला.

"माझं ठरलं. मी आभारपत्र पाठवणार नाही."